मासोळीच्या बीजाचे चार हंडे

त्या अख्ख्या वर्षात मी वैनगंगेला एकदाही हात जोडले नव्हते. ढिवराच्या घरातल्या बाईनं असं लिहावं ही लाजच, पण खरं लिहायला बसले आहे तर तिथूनच सुरुवात केली पाहिजे. सत्तर सालानंतरची गोष्ट. पवनीच्या घाटावर पहाटे डोंगे लागायचे, माणसं जाळी झटकायची आणि आम्ही बाया मासोळी निवडून टोपल्यांत भरायचो. रोहू वेगळे, मरळ वेगळी, झिंगे ओल्या फडक्यात. टोपली उचलण्याआधी प्रत्येक बाई पाण्याला बोटं लावून कपाळाला लावायची, तोंडानं ‘गंगामाय’ म्हणायची. मी मात्र टोपली डोक्यावर घेऊन सरळ बाजाराची वाट धरायची. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण नदीकडे पाठ करून चालताना पाय जड व्हायचे, एवढं मला आठवतं.

राग नदीवर होता की स्वतःवर, आज सांगता येणार नाही. पवनीहून कोसभरावर आमचं गाव. गावाच्या तलावात आमची मच्छीमार सोसायटी दर पावसाळ्यात मासोळीचं बीज सोडायची. बीज म्हणजे जिऱ्याएवढी जिवंत पिल्लं. आता ती हवा भरलेल्या पिशव्यांत येतात. तेव्हा रुंद तोंडाच्या हंड्यांत आणायची, आणि वाटभर हंड्यात हात घालून पाणी हलवत राहायचं. हात थांबला की पाण्यातली हवा सरते आणि पिल्लं गुदमरतात. हे काम दहा वर्षं आमच्या यांनी केलं. त्या साली मात्र वाटेत यांचा डोळा लागला. गावात पोचेपर्यंत सगळे हंडे मेलेल्या पिल्लांनी पांढरे झाले होते. त्या उन्हाळ्यात तलावात जाळं टाकायला काही उरलं नाही. आमच्या तोंडावर कोणी बोललं नाही, पण बाजारात माझ्यामागे बसणारी एक जण दुसरीला म्हणालीच, “तिच्या मालकाले झोप लय प्यारी हाय बाई.” यांनी ते ऐकलं नव्हतं, तरी हे दिवसेंदिवस बोलेनासे झाले. ज्या नदीची या माणसानं लहानपणापासून चाकरी केली, तिनं याच माणसाला असं खाली पाहायला लावलं, हे मला काही केल्या पटेना.

पुढच्या आषाढात सोसायटीनं यांना एक संधी दिली. यंदाही बीज मेलं तर हे काम कायमचं दुसऱ्याकडे जाणार, असं स्पष्ट सांगितलं. आणि नेमकं जायच्या आदल्या दिवशी यांना हिवताप भरला. दोन घोंगड्या अंगावर, तरी दात वाजत होते. मी म्हटलं, मी जाते. सोबत माझी विधवा नणंद सगुणाबाई तयार झाली. सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष दारात उभे राहून म्हणाले, “हे बायाईचं काम नोहे.” सगुणाबाईनं पदर खोचला न् म्हणाली, “काहून जी? मेलेले मासे इकाले बाया चालतात, जित्ते आनाले नाई चालत?” म्हातारा दारातून बाजूला झाला. हे तापात एवढंच बोलले, “हात थांबवू नको.”

बीज केंद्रातून चार हंडे भरून घेतले. धानाचा एक रिकामा ट्रक पवनीकडे निघाला होता, त्यात मागे बसलो. दोन हंडे तिच्याकडे, दोन माझ्याकडे, एकेका हंड्यात एकेक हात. अर्धी वाट बरी गेली. मग अड्याळच्या पुढे एका खड्ड्यात ट्रकचा पाटा तुटला. ड्रायव्हर सामान आणायला मागे पायी गेला. आम्ही दोघी उघड्या ट्रकात, आणि वर ऊन असं की आषाढ असून चैत्र वाटावा. आजूबाजूच्या धानाच्या बांध्यांत रोवणी चाललेली, वाऱ्याचा पत्ता नाही. तासाभरात पाणी कोमट लागू लागलं. “वहिनी, पिल्लं वर येऊन राहिली वो!” सगुणाबाई ओरडली. सगळी पिल्लं वर येऊन तोंडं उघडझाप करत होती. चार हंड्यांत हजारो इवलीशी तोंडं, आणि त्यातल्या एकेका तोंडात मला यांचंच तोंड दिसू लागलं.

आम्ही जन्मभर मासे विकणाऱ्या. बीज आणणं पुरुषांचं काम, त्यातली खुबी आम्हाला कुठून ठाऊक असणार? रस्त्याकाठी एक विहीर दिसली. सगुणाबाई तिकडे धावली आणि ट्रकातली बादली भरून गार पाणी घेऊन आली. “ओतू का?” “ओत,” असं म्हणणारी मीच होते. डोळ्यांदेखत तिच्या एका हंड्यातली पिल्लं आडवी झाली. आधी एकदम सैरावैरा पळाली, मग पोटं वर. दुसऱ्या हंड्यावर बादली कलती झाली तेवढ्यात बांधीतून आवाज आला, “ओ बाई! थांब! ओतू नोको!”

चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेली एक म्हातारी रोवण्याची पेंढी हातात तशीच धरून बांधावरून धावत येत होती. येता येताच बोलत होती. “तापल्या पान्यात थंडं पानी टाकतेस? बाळंतिनीले गार पान्यानं न्हाऊ घालतेस का वो तू? उचला हंडे. त्या आंब्याखाली माही बोडी हाय, त्यात मानेपावतर ठेवा. पान्याले पान्याची वळख होऊ द्या, मंग वंजळी-वंजळीनं टाका.” तिनं रोवणाऱ्या बायांना हाक मारली आणि चार हातांनी एकेक हंडा उचलून त्या लहानशा तळ्यात, सावलीत नेऊन ठेवला. मी कमरेएवढ्या पाण्यात दोन हंड्यांमध्ये उभी राहून दोन्ही हात फिरवत होते, तिसरा सगुणाबाईकडे. तीन हंडे उरले होते. ते वाचतील की नाही, कोणालाच माहीत नव्हतं.

त्या वेळी वर्षभरात पहिल्यांदा मला हात जोडावेसे वाटले. आणि जोडता येईनात. हात काढला असता तर पिल्लं गेली असती. मी रडत होते, हात फिरत होते, तोंडात कोणाचंही नाव नव्हतं. घसा इतका सुकला होता की बोलवेना. म्हातारी पाण्यात उतरली आणि लोटा माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड फिरवलं. का, ते लिहिते. तिच्या सोबतिणींनी तिला ‘जय भीम, माय’ म्हटलेलं मी ऐकलं होतं, आणि आमच्या घरात तेव्हा त्यांच्या हातचं पाणी चालत नसे. मी स्वतः कधी प्याले नव्हते. म्हातारीला कळलं. कोणाला कळणार नाही? ती चिडली नाही. नुसती म्हणाली, “पेतेस का तशीच मरतेस? हंडे मंग कोन हालवीन?”

मी तोंड उघडलं. तिनं एका हातानं माझी हनुवटी धरून, लेकराला पाजावं तसं पाजलं. ते पाणी आत उतरत गेलं तसं माझ्या आतलं काहीतरी सैल होत गेलं. यांची अब्रू, सोसायटी, नदीशी धरलेला अबोला, सगळं हातातून सुटलं. उरलं फक्त पाणी हलवणं. किती वेळ गेला कळलं नाही. मग सगुणाबाई हळूच म्हणाली, “वहिनी, खाली गेली.” पिल्लं तळाशी जाऊन पळत होती.

रोवणीच्या दिवसांत बैल चिखलातून सोडणं म्हणजे काय, ते धान लावणाऱ्यालाच समजेल. म्हातारीनं आपले सोडले, बंडी जुंपली आणि स्वतः हाकत दिवस मावळायच्या आत आम्हाला हंड्यांसकट आमच्या तलावाच्या पाळीवर आणून सोडलं. मी तिच्या पायाशी वाकले, म्हटलं, माय, तुला देवानंच धाडलं. ती हसली. “मले कोनी नाई धाडलं, बाई. आमी देव मानत नाई. मागं माह्या बोडीसाठी आनलेलं बीज मी असंच विहिरीचं पानी टाकून मारलं होतं, म्हून धावली.” आणि बैलांना हाक देऊन निघून गेली.

हे घोंगडी पांघरून पाळीवर येऊन बसले होते. एक हंडा गेला, तो माझ्या चुकीनं, असं मी आधीच सांगून टाकलं. यांनी उरलेल्यांतल्या एका हंड्यात हात घातला. पिल्लं बोटांना लागली तसे हे रडू लागले, आणि रडता रडताच हंडा कलता करून पिल्लं तलावात सोडली.

हिवाळ्यात पहिलं जाळं ओढलं. पहिला मासा गंगामायचा म्हणून पाण्यात परत सोडायची आमच्याकडे रीत आहे. यांनी तो रोहू ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला, “तिले नेऊन दे.” मी अड्याळच्या वाटेवर विचारत विचारत तिचं घर गाठलं. म्हातारीनं मासा पाहिला, मला पाहिलं, म्हणाली, “देव म्हून आनलास त वापस ने. वळखीची म्हून आनलास त बस, मसाला वाटतो.”

मी बसले. त्या दिवशी तिच्या चुलीपाशी, तिच्या ताटात मी पोटभर जेवले, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलंही. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. मी अजून मानते की त्या दुपारी गंगामायच आली होती. म्हातारी शेवटपर्यंत नाहीच म्हणत गेली. आम्ही दोघींनी एकमेकींचं म्हणणं ऐकून घेतलं आणि आपापल्या जागी राहिलो. कृपा आपल्याला हव्या त्या घरातून, हव्या त्या हातानं येत नाही. आपण तेवढं तोंड उघडायचं. मला वेळ लागला, पण तिनं लोटा मागे घेतला नाही, याचं ऋण मी मरेपर्यंत मानीन.