हातमोजे घालून दिलेली मेथी

“मावशी, ही मेथी घरी न्या. भाजी करा.”

वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी जुडी माझ्यासमोर धरली. त्यांच्या हातात हातमोजे होते. मी ती उघड्या हातांनी घेतली.

मागे एम.एस्सी.च्या चार मुली उभ्या होत्या. एक म्हणाली, “मावशी, उद्या आमच्यासाठी डबा आणा हं.” दुसरी म्हणाली, “मी नाही बाई खाणार.” चौघी हसल्या. मॅडमही हसल्या. मला वाटलं, माझ्या हातचं नको म्हणून हसतायत. त्याची सवय होती. आडनाव कळलं की डबे जरा लांब सरकतात, हे मी शाळेपासून बघत आलेय. जुडी पिशवीत टाकली आणि कामाला लागले.

मी बावीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. कंत्राटी. चाव्या, काचसामान, झाडलोट, येणारं टपाल. सगळं लिहून ठेवते. किती नळ्या आल्या, किती फुटल्या, कोणाच्या हातून. वडील चाकणला कंपनीच्या गेटवर होते. नोंद केल्याशिवाय एक गाडी आत सोडायचे नाहीत. ती सवय माझ्यात उतरली.

मुलींचा प्रकल्प मातीवर होता. अठरा मोठ्या कुंड्या, सगळ्यांत मेथी. सहांत मारुंजीच्या शेतातली माती. सहांत कॉलेजच्या बागेतली. शेवटच्या सहांत एका कारखान्यामागच्या ओढ्याकाठची. पाणी मी घालायचे, मापून. उंची मी मोजायचे, पट्टीनं, रोज सकाळी दहाला. मुली पहिला आठवडा आल्या. मग दिवाळीची सुट्टी लागली. माझी वही मात्र रोज भरत होती. ओढ्याकाठची मेथी सगळ्यांत हिरवी वाढली. मॅडमनी मला दिली ती तीच.

रहाटणीला घरी आले. निवडली, धुतली, लसूण घालून परतली. मुलगी सहावीत आहे. तिला मेथी आवडत नाही. पण ही आईनं वाढवलेली म्हणून तिनं खाल्ली आणि परत मागितली. सासऱ्यांना वाढली. माझ्या वाटणीची चवीपुरती ठेवून बाकी तिच्याच ताटात घातली.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी प्रकल्पाचा अहवाल दिला. “बाइंडिंग करून आणा.” झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. मी उभ्या उभ्या वाचायला लागले. इंग्रजी होतं. बारावी सायन्स झालेय मी. सावकाश वाचते, पण वाचते.

कुंड्या तेरा ते अठरा. पानांत शिसं. मर्यादेच्या वर. शेवटी एक ओळ: ही भाजी माणसांनी खाऊ नये.

मागे पानांच्या तपासणीचा कागद जोडला होता. तो मी ओळखला. त्याचं पाकीट मीच सही करून घेतलं होतं. सोमवारी. मॅडमनी ते माझ्यासमोर फोडून वाचलं होतं. मंगळवारी त्यांनी हातमोज्यांचा खोका मागवला. बुधवारी मला मेथी दिली. पहिल्या दोन्ही नोंदी माझ्याच अक्षरात.

मुली कशाला हसल्या होत्या, ते तिथे कळलं.

बाइंडिंग करून घेतलं. अहवाल मॅडमच्या टेबलावर ठेवला.

“मॅडम, सोमवारी रिपोर्ट आला होता. बुधवारी तुम्ही मला भाजी दिलीत.”

“तुम्ही वाचलात? बाइंडिंगला दिलं होतं ना?”

“माझ्या मुलीनं खाल्ली.”

“अहो, एका भाजीनं काय होतंय? झालं का तिला काही? फेकायला जिवावर आलं म्हणून दिली. तुम्हा लोकांना काय, सगळं पचतं.” आणि त्याच दमात, “उद्या बाहेरचे परीक्षक येतायत. त्यांना मूळ नोंदी हव्यात. तुमची वही ठेवून जा. मुली त्यांच्या अक्षरात उतरवून घेतील.”

मी आत एवढंच मागायला गेले होते की, चुकलं म्हणा. तेवढं जरी म्हणाल्या असत्या तर वही ठेवून आले असते. बावीस वर्षं ठेवतच आले.

“वही देणार नाही.”

“कॉलेजची आहे ती.”

“नाही. माझ्या पैशांची आहे.”

“कंत्राट कधी संपतंय तुमचं?”

“मार्चमध्ये.” तेही लिहून ठेवलेलं आहे.

बाहेर स्टुलावर बसून मी शेवटची नोंद केली. बुधवार. कुंड्या तेरा ते अठरा, मेथी उपटली. मॅडमनी हातमोजे घालून दिली. खाल्ली: माझी मुलगी, दोनदा वाढून. सासरे. मी, चवीपुरती.

दुसऱ्या दिवशी वही परीक्षकांच्या हातात मीच दिली. मॅडमसमोर. परीक्षकांनी पानं उलटली. शेवटच्या पानावर थांबले. वाचलं. वही मिटली आणि चहा मागितला. मॅडमनी चहा आणायला मलाच सांगितलं. मी आधी वही उचलली, मग चहा आणला.

मुलींना मार्क चांगले पडले. अहवालात माझं नाव नाही. मुलीला सरकारी दवाखान्यात दाखवलं. रक्त तपासायला दिलंय. कागद यायचा आहे. आला की तोही वहीत चिकटवणार. मार्चनंतर काम राहील की जाईल, ठाऊक नाही. वही घरी आहे.

आता माझ्या हातात दिलेला प्रत्येक कागद मी आधी वाचते, मग पोचवते. कोपऱ्यात नाही, देणाऱ्याच्या समोर उभी राहून. शेवटच्या ओळीपर्यंत. तोवर त्यांनी थांबायचं.