पडद्यावरचा अर्ज

माझ्या वडिलांचा अर्ज मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, गंगापूर रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, भिंतीवरच्या पडद्यावर उघडला. वर्गात सव्वीस जण होते. तो अर्ज मीही पहिल्यांदाच पाहत होते.

आम्ही तिथे एथिकल हॅकिंग शिकत होतो. त्या आठवड्याचा विषय होता एपीआय. मोबाइलमधलं अ‍ॅप ज्या वाटेने सर्व्हरकडे माहिती मागतं, ती वाट. मागणाऱ्याला ती माहिती पाहायचा हक्क आहे का, हे सर्व्हरने दर वेळी तपासायला हवं. तपासलं नाही, तर मागणीतला नुसता नंबर बदलून दुसऱ्याचे कागद हाती येतात.

सरांना हे खऱ्या उदाहरणाने दाखवायचं होतं. क्लास त्यांचाच. त्यांनी क्लासचं अ‍ॅप घेतलं, भलत्याच नावाने लॉगिन केलं आणि मला विद्यार्थी नंबर विचारला. मी पहिल्या बाकावर असायचे. लगेच सांगितला.

आधी जातीचा दाखला आला. मग अर्ज. निळं पेन, खाली घसरत गेलेल्या ओळी. सरांनी तो मोठ्याने वाचला. मी मनमाड स्टेशनवर हमाल आहे. मुलगी हुशार आहे. फी कमी करावी. शेवटची ओळ अशी होती: "ही गोष्ट मुलीला कळू देऊ नये, ही विनंती."

"फुकटातली हॅकर," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. सरही हसले.

पप्पांनी मला सांगितलं होतं की फी पूर्ण भरली आहे.

"आता पुढचा नंबर तू टाक," सर मला म्हणाले.

पुढचा नंबर माझ्या शेजारच्या मुलीचा होता. आम्ही एकाच दिवशी, एकाच रांगेत प्रवेश घेतला होता. तिचं लिहिणं थांबलं होतं.

पहिल्या दिवशी आम्हाला एक कागद दिला होता. लेखी परवानगीशिवाय कुणाच्याही माहितीला हात लावणार नाही. त्याखाली सगळ्यांच्या सह्या होत्या. माझीही.

मी म्हणाले, "परवानगी दाखवा."

"क्लास माझा, अ‍ॅप माझं. कुणाची परवानगी?"

"अर्ज माझ्या वडिलांचा आहे."

"एवढं मनाला लागत असेल तर सवलत मागायची नव्हती."

मी लॅपटॉप बंद केला आणि बाहेर पडले. माझ्याबरोबर कुणी उठलं नाही.

जिन्यात उभी राहून पप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं. सगळ्यांनी वाचलं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी हो म्हणाले. पलीकडे गाडीची घोषणा चालू होती.

"अक्षर लय खराब हे माझं," ते म्हणाले. "कोणाकडून तरी लिहून घ्यायला पायजे होतं."

इंदिरानगरच्या खोलीवर येऊन मी अहवाल लिहिला. तीन पानं. दोष काय, तो कुठे आहे, कसा बंद करायचा. नमुना म्हणून फक्त माझा नंबर. दुसरा एकही उघडून पाहिला नाही. क्लासला मेल केला आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. बुधवारी मला क्लासच्या ग्रुपमधून काढलं.

गुरुवारी क्लासच्या ऑफिसमधून फोन आला. तक्रार मागे घेतली तर परीक्षा न देता सर्टिफिकेट मिळेल, असं सांगण्यात आलं. मी सर्टिफिकेट नको म्हणाले. सरांनी माफीचं पत्र पाठवावं, असं सांगितलं. माझ्या नावाने नाही, वडिलांच्या. पत्ता मनमाडचा दिला.

शनिवारी सकाळी मी वर्गात शेजारी बसणाऱ्या त्या मुलीला खोलीवर बोलावलं. तिच्या लॉगिनमधून, तिच्या संमतीने, माझा नंबर टाकून पाहिला. सर्व्हरने नकार दिला. वाट बंद झाली होती.

मनमाडला पत्र आलेलं नाही. तक्रार मागे घेतलेली नाही.