आधी वही, मग सुई

कासम उस्तादांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या शिष्याने दोन पानं लिहावीत, असं इथल्या मराठी मंडळाचं म्हणणं पडलं. मी लगेच हो म्हणालो. नकार द्यायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण सात वर्षं माझ्याबरोबर एका खोलीत बसून काम करणाऱ्या माणसालाही मी कधी नीट सांगितलेलं नाही. या लेखाचा पहिला खर्डा मी पूर्ण केला होता. तो फाडून टाकून हा दुसरा लिहितो आहे. पहिल्यात काय होतं तेही पुढे सांगेन.

उस्तादांची आणि माझी पहिली भेट मनामाच्या बाजारात, गालिच्यांच्या दुकानावरच्या कामाच्या खोलीत झाली. कुवेतची लढाई आटोपून वर्षभर झालं होतं. मी शिंप्याच्या व्हिसावर बहारीनला आलो होतो आणि ते शिंप्याचं दुकान तीन महिन्यांतच बसलं होतं. हूरा भागात आमच्या खोलीत राहणाऱ्या एका ड्रायव्हरने मला तिथे नेलं. खिडकीशी गादीवर कासम आदम शिरगावकर बसले होते. डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, नाकावर चष्मा, मांडीवर लाल गालिचा. हे रत्नागिरीकडचे, वीस वर्षं इथे रफूगर आहेत, असं ड्रायव्हरने सांगितलं. मी माण तालुक्यातला, घोंगडी विणणाऱ्या सनगराच्या घरातला. मी छाती पुढे काढून म्हणालो, "चाचा, लोकरीचं मला काही नवीन नाही."

उस्ताद हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी गालिचा उलटा करून माझ्यापुढे सरकवला.

"तोंड गिऱ्हाइकासाठी असतं. आपण पाठ बघायची," ते म्हणाले. "एका बोटात गाठी किती, सांग."

मी दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा वेगळा आकडा सांगितला. त्यांनी मला सुई दिली नाही. शाळेतली पोरं गणिताला वापरतात तसली चौकटींची वही आणि पेन्सिल दिली. गालिचा जिथे फाटला, झिजला किंवा कसरीने खाल्ला असेल, तो भाग आधी वहीत उतरवायचा, एका गाठीला एक चौकट. जे उरलं आहे ते भरायचं आणि जे गेलं आहे ते शेजारची नक्षी बघून ठिपक्यांनी दाखवायचं. ते पान उस्तादांनी पाहिल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. "आधी वही, मग सुई," हे त्यांचं पालुपद मी पहिल्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की स्वप्नातही चौकटी दिसायच्या. चार महिने मी नुसती चित्रं काढत होतो. घरच्या पत्रात मात्र कारागीर झालो असं लिहीत होतो.

उस्तादांचा खरा जीव तुर्कमेन गालिच्यांवर. त्या मुलखाचा इतिहास ते कुठल्या शाळेत शिकले नाहीत. तो त्यांच्या हाताखालून गेला. चहा आला की समोरच्या ढिगातून एकेक गालिचा ओढत ते सांगत. हा लाल आपल्या मंजिष्ठेसारख्या मुळाचा, खिव्याच्या आणि बुखाऱ्याच्या खानांच्या वेळचा. हा दुसरा लाल रसायनाचा, बाटलीतला, झारची आगगाडी आली तिच्याबरोबर आला, पाण्यात घातला की रंग सोडून रडतो. विणणाऱ्या तुर्कमेन बायका, पण माल बुखाऱ्याच्या बाजारात विकला जायचा, म्हणून जगभर नाव झालं बुखाऱ्याचं. प्रत्येक टोळीची नक्षीतली आपली खूण असे, तिला गुल म्हणत. लढाईत हरलेल्या टोळीला आपलं गुल सोडून जिंकणाऱ्याचं विणावं लागे, असं जुनी माणसं सांगतात, हेही त्यांनीच मला सांगितलं. मग रशियातलं नवं सरकार आलं, बायका कारखान्यात एका रांगेत बसल्या, नक्षी वरून कागदावर काढून येऊ लागली, पुढाऱ्यांचे चेहरेही विणून घेतले गेले. तेही राज्य गेलं. आता त्यांच्या नव्या झेंड्यावरच गालिच्याची नक्षी आहे.

मी एकदा विचारलं, "चाचा, मग यातलं त्यांचं स्वतःचं काय राहिलं?"

"गाठ," ते म्हणाले. "राजा कोन पन असो, गाठ तिच्याच बोटांची."

त्या काळात तिकडच्या बायका मोठाल्या पिशव्या घेऊन आखातात फिरू लागल्या होत्या. त्यांपैकी गुलजमाल नावाची एक बाई वर्षातून दोनदा आमच्या दुकानात येई. वय चाळिशीचं, पुढचे दोन दात सोन्याचे. उस्तादांना बाजारातली फारसी येत असे आणि तिलाही थोडी येत होती, त्यावर दोघांचं चाले. एका खेपेला तिने एक लहान गालिचा आणला. हा विकायचा नाही, म्हणाली. आईने विणलेला आहे, कोपरा कसरीने खाल्ला आहे, पुढच्या खेपेला घेऊन जाईन. त्या कोपऱ्यात किनारीलगत काही अक्षरं विणलेली होती, निम्मी शाबूत, निम्मी खाल्लेली.

इथे उस्तादांचं माझ्यावरचं एक ऋण सांगायला हवं. त्याच सुमारास गावी माझे वडील वारले. उस्तादांची रजा मंजूर झालेली होती. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी व्हायची होती. दोघांना एकदम सोडायला आमचे अरबाब, म्हणजे दुकानाचे मालक, तयार नव्हते. उस्तादांनी आपलं तिकीट रद्द केलं आणि मला विमानतळावर सोडायला आले. तिथे माझ्या हातात खजुराचा डबा देऊन म्हणाले, "आईच्या जवळ बस. कामाचा विचार करू नको." मुलीची बोलणी चार महिने पुढे गेली. मी परत आल्यावर मग ते गेले.

ते गेले आणि मी गुलजमालचा गालिचा हातात घेतला. उस्ताद परत येतील तेव्हा काम तयार ठेवावं, त्यांनी पाठ थोपटावी, एवढीच हौस होती. कोपऱ्याची किनार छान जमली. अक्षरांपाशी मात्र मी अडलो. ती रशियन वळणाची. अर्धवट अक्षरं चौकटीत उतरवायची, उरलेली कोणाला तरी विचारून पुरी करायची, हे दोन आठवड्यांचं काम. मला कंटाळा आला. सरळ शब्दांत सांगायचं तर एवढंच खरं आहे. पण कंटाळ्याला मी चांगले कपडे घातले. रशियाचं राज्य तर गेलं, आता ही सरकारी अक्षरं कोणाला हवीत, बाई उलट खूशच होईल, असं स्वतःला पटवलं. जुन्या गाठी उपसल्या आणि तिथे साधी लाल किनार भरली. सुबक भरली. वही उघडलीसुद्धा नाही.

उस्ताद परतले त्याच आठवड्यात गुलजमाल आली. तिने गालिचा जमिनीवर पसरला आणि थेट त्या कोपऱ्यावर हात ठेवला. हात तिथेच फिरत राहिला. मग ती खाली बसली. अरबाबही वर आले होते. उस्तादांनी कोपरा उलटा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. माझी गाठ जरा जास्त आवळलेली असते, ती त्यांना अंधारातही ओळखू येते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वही बघितलीस?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग आधी बाईला फारसीत आणि नंतर अरबाबांना हिंदीत सांगितलं, "मेरे हाथ से हुआ. छुट्टी जाने के पहले मैंने किया."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला एक क्षण पुरेसा होता. असे पुष्कळ क्षण गेले.

बाई हळूहळू बोलत होती. ती काय म्हणाली ते उस्तादांनी मला नंतर सांगितलं. तिची आई कारखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे विणत होती, तिथे विणणारीचं नाव घालायची मुभा नव्हती. हा एकच गालिचा तिने घरी, स्वतःसाठी विणला आणि कोपऱ्यात आपलं नाव घातलं. आजीला अरबी वळणाची अक्षरं येत होती, आईला शाळेत रशियन वळणाची शिकवली, आता नातवंडांना तिसरीच शिकवताहेत. अक्षरं सरकारची होती, पण नाव आईचं होतं.

उस्तादांनी ते नाव पुन्हा विणून देतो म्हटलं. तिने नको म्हणून मान हलवली. "तू विणशील ते तुझ्या हातचं," ती म्हणाली, आणि मग आमच्या इथला शब्द तिने कुठून उचलला होता कोण जाणे, "खलास," असं म्हणून गालिचा गुंडाळून निघून गेली. त्यानंतर ती आमच्याकडे कधी आली नाही.

अरबाबांनी उस्तादांना घालवलं नाही, जुन्या माणसाचा मान ठेवला. पण "नजर खलास" असा निकाल बाजारभर झाला. बारीक काम त्यांच्याकडून गेलं. त्यांना झालरी बांधायला आणि गालिचे धुवायला दिलं, आणि खिडकीजवळच्या गादीवर मला बसवलं. मी बसलो. पहिल्या आठवड्यात मी त्यांना नईम वस्तीतल्या त्यांच्या खोलीवर गाठून म्हणालो, "चाचा, मी अरबाबांना सांगतो." ते शुक्रवारची मच्छी साफ करत होते.

"सांगून काय? तुझा व्हिसा जाईल. घरात बाप नाय, बहीण लग्नाची हाय," ते म्हणाले. "माझी दोन-चार वर्षं राहिलीत, तुझी सगळी हायत. जा, कांदा काप."

मी कांदा कापला. जेवलो. आणि सुटल्यासारखं वाटलं, याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. बहिणीचं लग्न कधीच झालं. त्यालाही तीन वर्षं झाली. त्यानंतर गप्प राहायला मला कारण उरलं नव्हतं, सवय उरली होती. उस्ताद खाली वाकून गालिचे धूत आणि येणारे-जाणारे मला उस्ताद म्हणत, तेव्हा मी त्यांना दुरुस्त करत नसे. एवढ्या वर्षांत त्यांनी मला एकदाही टोमणा मारला नाही. माझं काम मात्र रोज पाहत, आणि गाठ जास्त आवळली की नुसतं बोट ठेवत.

या अंकाच्या बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी प्रेमानेच सुचवलं, की डोळ्यांचा तो प्रसंग जरा सांभाळून लिहा. मी मान डोलावली. माझ्या पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं, "उतारवयात दृष्टी मंदावली तरी उस्तादांची निष्ठा मंदावली नाही." वाक्य चांगलं जमलं म्हणून मी ते दोनदा वाचलंही होतं.

गेल्या शुक्रवारी उस्तादांनी मला सामान बांधायला बोलावलं. व्हिसा संपतो आहे, पुढच्या महिन्यात ते गावी जात आहेत. ट्रंकेच्या तळाशी त्यांच्या चौकटींच्या वह्या होत्या. "ह्या तुला," म्हणाले, आणि नमाजाला गेले. मी एकेक चाळत बसलो. एका वहीत गुलजमालचं नाव लिहिलेलं पान निघालं. गालिच्याचा तो कोपरा. शाबूत अक्षरं भरलेल्या चौकटींत, खाल्लेली ठिपक्यांत आणि एकूण एक पुरी. कडेला तारीख, रजेवर जाण्याच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी त्यांनी विचारलेली ती हीच वही, कामाच्या खोलीत फळीवर माझ्यासाठी ठेवून दिलेली. मी ती उघडली असती तर सगळं समोर होतं. त्यांनी ती अरबाबांपुढे ठेवली असती तरी सगळं समोर आलं असतं. त्यांनी ती उचलली आणि ट्रंकेच्या तळाशी घातली.

संपादकांना माझी विनंती आहे, की ते पान या लेखाशेजारी छापावं. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत. पण वाचकांनी चौकटी मोजून पाहाव्यात. ज्यांची नजर गेली असं आपण सगळे इतकी वर्षं म्हणत आलो, त्यांच्या हातची ती अक्षरं आहेत. अंक अरबाबांच्या हाती पडेल त्या दिवशी हा लेख मी स्वतः त्यांना हिंदीत सांगणार आहे. पुढचं जे व्हायचं ते होईल.

उस्तादांना गावी खाडीकाठी भरपूर वर्षं लाभोत. डोळे शाबूत राहोत, गुडघे दुखेनासे होवोत, नातवंडं त्यांच्या वहीत रेघोट्या ओढोत. गुलजमाल पुन्हा कधी या बाजारात आली तर वहीतलं ते पान मी तिला देईन, तसं त्यांना पत्राने कळवीन. आणि हा अंक हाती आल्यावर तरी, इतक्या वर्षांत एकदा, ते माझ्यावर मनापासून रागावोत, एवढं मागतो.