अर्धा डबा

हुडकेश्वरला शामलाबाई एकट्या राहतात. मुलगा अमोल हैदराबादहून रोज सकाळी फोन करतो, "गोळी घेतली ना?" विचारतो, आणि त्या 'हो' म्हणेपर्यंत त्याचं ऑफिस सुरू झालेलं असतं. दुपारी त्या टीव्ही लावतात, आवाज बंद ठेवून. चर्चेतली माणसं हातवारे करत राहतात, घरात तेवढीच हालचाल. यजमान मनोहरराव असते तर टीव्हीशीच भांडले असते.

त्या दिवशी दुपारी फोन वाजला. दामिनीचा होता, कौसल्याबाईंच्या सुनेचा. ती जरा चाचरतच बोलली.

"काकू, आईंना रामदासपेठेतल्या दवाखान्यात ॲडमिट केलंय. माणसं ओळखत नाहीत आता. पण परवापासून एकच विचारून राहिल्या, शामलाचा डबा आला का. म्हटलं, तुम्हाला सांगावं. यायलाच पाहिजे असं नाही."

शामलाबाईंनी फोन ठेवला आणि ओट्याशी गेल्या. फळीवर डाळींच्या मागे जेवणाच्या डब्याचा एकच कप्पा होता, झाकणाशिवायचा. त्यावर 'प्रेमानंद' असं कोरलेलं. हा कप्पा परत करायचा राहून गेला होता, आणि त्या घराशी बोलणंही.

प्रेमानंद म्हणजे कौसल्याबाईंचे यजमान. ते जनसंघाचे, पेशाने मास्तर. मनोहरराव समाजवादी, कामगार संघटनेतले. भरसभेत एकमेकांना नावं ठेवण्यात दोघांची हयात चालली होती. आणीबाणी आली आणि सरकारने दोघांना एकाच आठवड्यात उचलून एकाच बराकीत टाकलं. बाहेर पेपरवाल्यांना लिहायची सोय उरली नव्हती, पुन्हा मत देता येईल की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि हे दोघे आत एकमेकांकडे पाठ करून बसलेले. मास्तर खिडकीशी, मनोहरराव दाराशी.

घरचे डबे तुरुंगाच्या फाटकाशी तपासले जात. चिठ्ठी सापडेल म्हणून शिपाई सगळे कप्पे उघडायचा, भाकरी मोडून बघायचा. एकदा गर्दीत त्याने कप्पे लावताना घोळ केला. मनोहररावांच्या वाट्याला दोन्ही घरच्या पोळ्या-भाकरी गेल्या आणि मास्तरांच्या वाट्याला दोन्ही घरच्या भाज्या. कोरडी भाकरी किती वेळ चघळणार? शेवटी मनोहरराव उठले आणि खिडकीशी जाऊन बसले.

पुढच्या भेटीत ते जाळीमागून बायकोला म्हणाले, "मास्तरीणबाईच्या हाताले चव आहे वं. तिखट तेवढं नाही."

शामलाबाईंनी हे फाटकाबाहेर, निंबाखाली कौसल्याबाईंना सांगितलं. त्या वयाने मोठ्या, आणि फार पुढचं बघायच्या.

"शामला, शिपायाची चूक आता आपण करायची. भाकरी फक्त तू करायची, भाजी फक्त मी."

"अन् ते भांडले तं?"

"उपाशीपोटी किती भांडतील?"

मग लाल झेंड्यावाल्यांच्या घरची चटणी आली, आणखी कुणाचा भात आला. कुणाचाच डबा पुरा नसायचा. बराकीत पंगत बसू लागली, आणि पंगतीत पुढची बोलणी. निवडणूक लागली तेव्हा यातले बहुतेक पक्ष एका चिन्हाखाली उभे राहिले आणि लोकांनी त्यांना निवडून दिलं. श्रेय पुढाऱ्यांनी आपसात वाटून घेतलं. निंबाखालच्या बायकांना कुणी काही विचारलं नाही, आणि त्यांनाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

पुढे ते सरकार आपसातच भांडून पडलं. मनोहरराव म्हणाले, त्या घरी जायचं नाही. तिकडे मास्तरांनीही तेच फर्मावलं. बर्डीच्या बाजारात दोघी समोरासमोर आल्या की एक जण काही घ्यायचं नसताना साड्यांच्या दुकानात शिरायची. होताहोता दोघींचे यजमान गेले. मना करणारं कुणी उरलं नाही, पण पायांना सवय झाली होती.

शामलाबाईंनी ज्वारीचं पीठ मळलं. भाकरी थापल्या, प्रेमानंदांच्या कप्प्यात ठेवून फडक्यात बांधल्या आणि ऑटोने निघाल्या. भाजी केली नाही. कौसल्याबाईंनी ओळखलं तर त्यावरूनच ओळखतील, नाही तर नाही.

दवाखान्यातल्या खाटेवर कौसल्याबाई अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. त्यांनी शामलाबाईंकडे पाहिलं, ते पंख्याकडे पाहावं तसं.

"कौसल्याबाई, मी शामला."

त्यांची नजर भिंतीकडे वळली. दामिनी ओशाळून म्हणाली, "सकाळी बऱ्या होत्या, काकू."

शामलाबाईंनी फडकं सोडलं आणि कप्पा त्यांच्या हाताशी ठेवला. म्हाताऱ्या अंगठ्याला कोरलेली अक्षरं लागली. अंगठा त्यांवरून एकदा फिरला, पुन्हा फिरला. मग त्यांनी आत पाहिलं.

"भाजी नाही आणली ना वं?"

"तुमच्याकडे राहते भाजी."

"हं." त्यांना ते पटलं. मग जणू फाटकावरच्या शिपायाने ऐकू नये इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बोलतात का गं ते एकमेकांशी?"

शामलाबाईंनी फडक्याची घडी घातली. "बोलते तं. काल एका ताटात जेवले."

"मग आपण काहून नाही बोलत?"

दामिनी खिडकीकडे वळली. शामलाबाईंनी तो सुरकुतलेला हात धरला. एवढ्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर त्यांनी किती परींनी रचलं होतं. त्यातलं एकही आता सांगण्याजोगं नव्हतं.

"मीच नाही आली," त्या म्हणाल्या. "यायले पाहिजे होतं."

पण कौसल्याबाई तोवर फाटकाशी जाऊन पोचल्या होत्या. "उद्या लवकर ये. गर्दी होते. भाजी मी आणते."

"हो."

कप्पा तिथेच राहिला. येताना शामलाबाईंचे हात मोकळे होते, आणि ते कुठे ठेवावे ते ऑटोत त्यांना सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमोलचा फोन येऊन गेला. त्यांनी नेहमीपेक्षा लवकर पीठ मळलं, दोन भाकरी केल्या आणि गॅस बंद केला. कढई चढवली नाही. एक भाकरी दवाखान्यात न्यायला झाकून ठेवली. दुसरी ताटात घेऊन त्या बसल्या, ताटाची भाजीची बाजू मोकळी सोडून, आणि कोरडीच सावकाश खाऊ लागल्या.