काकूंना दिलेला शब्द

यकृताच्या आणि पोटाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्यांसाठी आम्ही पेशंटच्या शरीरातले छोटे तुकडे गोठवून जपतो. ऑपरेशनमध्ये जे काढायचंच असतं त्यातलेच, तपासणीपुरतं दिल्यावर उरलेले. सिंगापूरला जाऊन मी हे असलं काम करते म्हटलं की आमच्या घरचे फोनवर लगेच हवापाण्याकडे वळतात. वळू देत. पेशंटला आधी भेटायचं, समजावायचं, परवानगी घ्यायची, हा माझा भाग, आणि तो मला मनापासून आवडतो.

त्या काकू इथेच, सिंगापूरच्या बेडोक भागात मुलाकडे राहायच्या. यकृतात गाठ होती. मी मराठी म्हणून मुद्दाम मलाच पाठवलं होतं. नाही म्हणालात तरी उपचारात काडीचा फरक पडणार नाही, हे मी दोनदा सांगितलं; गाठ काढली तरच त्यातला तुकडा मिळतो, हेही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, नासकं फळ का कुणी दान देतं?" मी म्हटलं, आम्हाला नासकंच हवंय, आणि ताडून बघायला शेजारचं थोडं चांगलंही. त्यावर त्या इतक्या हसल्या की पलीकडच्या खाटेवरच्या चिनी आजीही कारण नसताना हसायला लागल्या. मग मला तंबी मिळाली. सून ओलं खोबरं फ्रीजरमध्ये टाकून विसरते तसं इथे चालणार नाही, कुणीतरी वापरलं पाहिजे. सही करताना "कॅन लाह" म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत "चालेल की". हे त्यांना बाजारातल्या मासेवालीने शिकवलं होतं.

मी निघाले तर हात धरून ठेवला. तुकडा मिळाला की नाही, ते मी स्वतः येऊन सांगायचं, असा शब्द घेतला. मुलगा फार गुणी, पण आईला बरं वाटेल तेवढंच सांगतो, अशी त्यांची तक्रार होती. मी आपली हो म्हणून मोकळी झाले. त्यात अवघड ते काय असणार!

ऑपरेशनच्या दिवशी मी बर्फाची पेटी घेऊन थिएटरबाहेर उभी होते. नर्स फारच लवकर बाहेर आली आणि तिने नुसती मान हलवली. पोट उघडलं होतं, गाठ सगळीकडे पसरलेली दिसली, काहीही न काढता परत शिवलं होतं. आमच्या कामात असं होतं. कधीकधी घरच्यांच्या आधी आम्हाला कळतं, आणि ते मला अजिबात सोसत नाही. रिकामी पेटी घेऊन मला मुलासमोरूनच जावं लागलं. त्याने पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. डॉक्टर येतीलच, एवढं पुटपुटून मी तिथून सटकले.

संध्याकाळी त्याने मला वॉर्डच्या दाराशी गाठलं. तोवर त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईला थोडी ताकद येईपर्यंत काही सांगू नका, अशी त्याने त्यांना विनंती केली होती, आणि आता मी फक्त एकदा "हो, मिळाला" म्हणावं असं त्याचं म्हणणं होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आईच्या शरीराबद्दल आईशीच खोटं? मी ताडकन बोलणार होते, पण त्याचं तोंड पार सुकलेलं होतं, गळ्यात ऑफिसचा पास तसाच लटकत होता. मला त्याची इतकी दया आली की राग गिळून टाकला. खोटं बोलणार नाही, त्यापेक्षा आत येतच नाही, असं मी म्हटलं.

पण काकूंनी आवाज ओळखला. हाक मारली. जावंच लागलं.

"मिळाला का गं?" आवाज अगदी खोल गेला होता.

मुलगा खाटेच्या पायथ्याशी माझ्याकडे टक लावून उभा. आजाराबद्दल बोलायचा मला अधिकार नव्हता, ते डॉक्टरांचं काम. पण तुकडा त्यांचा होता आणि शब्द मी दिला होता.

"नाही मिळाला, काकू."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, ग्लानी आली. मी डॉक्टरांना बोलवायला वळले तेवढ्यात त्यांनी मुलाला विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का. त्याने नाही म्हणून मान हलवली.

"एवढं सगळं एकट्याने उरावर घेऊन उपाशी फिरतोयस होय रे?" सलाइन लावलेला हात त्यांनी कसाबसा थोडा सरकवला. "ये, बस इथे. आता लपवायचं काही उरलं नाही."

तो खाटेच्या कडेवर बसला आणि त्यांच्या हाताशी डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. मी डॉक्टरांना निरोप दिला आणि त्याच्यासाठी खायला आणायला खाली गेले. परत आले तेव्हा डॉक्टर येऊन बसले होते, आणि काकू त्यांना म्हणत होत्या की आधी याला दोन घास खाऊ द्या, मग माझं बोलू.