ताडपत्रीखाली जावई
गोल बाजारात ताडपत्रीच्या दुकानावरून गेलो, की तो कोंदट वास येतो आणि माझी मान आजही आपोआप आखडते. लग्नानंतरची पहिलीच दिवाळी होती. रेल्वेतून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी अभनपूरजवळच्या शेतात धान, म्हणजे भात, लावलं होतं. छाप पाडायची म्हणून मी त्या भागातल्या पावसाच्या कित्येक वर्षांच्या नोंदी जमवल्या, रंगीत आलेख काढला आणि जाहीर केलं, "बाबा, या आठवड्यात इथे पाऊस नसतो. बिनधास्त कापा." त्यांनी कापलं, मळलं आणि सगळं धान अंगणात वाळत घातलं. त्याच दुपारी आभाळ फाटलं. आम्ही दोघांनी धावत ताडपत्री ओढली आणि ती पाठीवर घेऊन धानावर पालथे पडलो. वारा असा, की कोपरा सोडला तर ताडपत्री उडणार आणि वर्षाच्या धानाला कोंब फुटणार. म्हणजे पळायची सोयच नाही. पाठीवर पाण्याचा मारा, पोटाला टोचणारं धान आणि नाकासमोर तंबाखू चघळणारे सासरे. "जावईबापू, मंग हे काय पडून राहिलं?" "तसा... एखाद्या वर्षी पडतो, असं नोंदीत होतं." "मले काहून नाही सांगितलं?" "आलेखात ते टिंब फार बारीक होतं, बाबा." पाऊस थांबला. धान वाचलं. आता सासरे स्वतःच नोंदी बघून कापणी ठरवतात आणि मग माझ्या बायकोला फोन करतात, "जावईबापू येऊन राहिले का? नाही, म्हणजे ताडपत्री काढून ठेवतो."