आठ पावलांवरचा व्हॉल्व्ह

डॉक्टर म्हणतात, राग आला की चालायला जा. नाशिकमध्ये सध्या चालायला गेलं की राग येतो, आणि तो डोक्यात घेऊन घरी परतावं लागतं. कुंभमेळा वर्षावर आलाय. इतकी वर्षं झोपा काढल्या आणि आता सगळं गाव एकदम उकरायला घेतलंय. बाहेरून येणाऱ्या लाखो लोकांना पाणी, रस्ते, संडास सगळं मिळणार म्हणतात. मिळो बापडं. इथल्या माणसाचं काय करणार, ते मात्र कोणी सांगत नाही.

मी व्हॉल्व्हमन होतो. लांब लोखंडी चावी घेऊन रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उघडायचं, चावी फिरवायची आणि त्या गल्लीला पाणी सोडायचं, हे माझं काम. गंगेपलीकडचा, म्हणजे गोदावरीपलीकडचा, जुना भाग माझ्याकडे होता. कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे, याचा धड नकाशा ऑफिसात नव्हता. तो माझ्या डोक्यात होता. गिरणीच्या पायरीपासून चार पावलं. रसवंतीच्या खांबापासून डावीकडे दोन. लिंबापासून आठ. माझ्या आधीच्या माणसाने मला असंच चालवून शिकवलं होतं.

रिटायर झालो तेव्हा शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. व्हॉल्व्ह कुठे आहेत, हे एकानेही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मनात म्हटलं, अडलं की येतील झक मारत.

आणि आले. एका सकाळी ऑफिसातल्या इंजिनिअर मॅडमचा फोन आला. "काका, जरा येता का? एक व्हॉल्व्ह सापडत नाहीये."

गल्ली ओळखीची होती. लिंबापासून आठ पावलांवाली. काँक्रीट टाकायचं म्हणून त्या गल्लीचं पाणी दोन दिवसांसाठी बंद केलं होतं, आणि ठेकेदाराच्या माणसांनी झाकणावरूनच काँक्रीट ओतलं. व्हॉल्व्ह बंदच राहिला. पंधरा दिवस गल्लीत थेंब नव्हता. टँकर यायचा तो पार कोपऱ्यावर. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत एक मावशी एकटीच राहते, झेंडूचे हार करून विकते. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. कोणी हंडा आणून दिला तर पाणी, नाहीतर नाही.

"टॅबवर इथे दाखवतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दाखवलं तिथे फोडलं. खाली मुरूम.

"लिंब कुठंय?" मी विचारलं.

"कुठला लिंब?"

रुंदीकरणात तोडला होता. बुंधासुद्धा ठेवला नव्हता. सगळा रस्ता गुळगुळीत, पांढरा, इकडून तिकडे सारखाच. ज्या गल्लीत मी डोळे मिटून चाललो असतो, तिथे मला पहिलं पाऊल कुठून टाकायचं ते कळेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी अंदाजाने आठ पावलं मोजली आणि "इथं" म्हणालो. फोडलं. पुन्हा मुरूम. माझे कान तापले.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "आता तिसरा खड्डा नाही पाडणार. परवा साहेबांची पाहणी आहे."

तेवढ्यात मावशी दाराची चौकट धरत बाहेर आली. या बाईने मला आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. तिच्या घरासमोरचं, याच व्हॉल्व्हचं, झाकण सैल होतं. स्कूटर गेली की धाडकन वाजायचं आणि तिची झोपमोड व्हायची. "तुझ्या त्या झाकणाला आग लाव मेल्या," म्हणायची. मी हसून म्हणायचो, "मावशी, तक्रार लिहून द्या." तिला लिहिता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

"आत ये," ती म्हणाली. "झोप तिथं."

"कुठं?"

"माझ्या खाटंवर. भितीकडं डोकं कर."

मी झोपलो. मॅडम दारात उभ्या. मावशीने माझ्या उजव्या कानाशी भिंतीवर हात आपटला. "हितं वाजायचं. भितीपल्याड, दीड-दोन हातांवर. लय वर्षं ऐकलंय, मला नको शिकवू."

बाहेर जाऊन तिथे खडूने फुली मारली, आणि मॅडमनी ठेकेदाराच्या माणसाला तिसरा खड्डा पाडायला लावला. फोडलं. झाकण लागलं. मी चावी घातली, गंजाने अडत होती, तरी फिरवली, आणि मावशीच्या मोरीतला नळ आधी खोकला आणि मग धो धो वाहायला लागला. तिने आभारबिभार मानले नाहीत. "एवढी वर्षं सांगत व्हते," एवढंच म्हणाली.

पाहणीच्या दिवशी सकाळी मुद्दाम गेलो. खड्डा बुजवला होता. झाकणासकट. नवीन रस्त्यात खड्डा दिसला तर साहेब रागावतील, म्हणून. उद्या पाइप फुटला तर पाणी बंद कुठून करणार? मी भर रस्त्यात ओरडलो. वय विसरून ओरडलो. ठेकेदाराचा माणूस शांतपणे म्हणाला, "काका, मेळा झाल्यावर बघू."

घरी येऊन वही घेतली आणि सगळे व्हॉल्व्ह लिहायला बसलो. जे निरोप समारंभाच्या दिवशीच द्यायला हवं होतं, ते. गिरणी, असं लिहिलं आणि आठवलं, गिरणी पाडली. रसवंतीचा खांब गेला. लिंब गेला. माझी अक्कड आणि त्यांची घाई, दोघांनी मिळून अर्धं गाव पुसलं होतं. नकाशा कोणी मागितला नाही म्हणून मी दिला नाही, याची मला शरम वाटते, आणि कोणी मागितला नाही याची चीड अजून जात नाही. त्या गल्लीपुढे मी लिहिलं: मावशीची खाट, उजवा कान, भिंतीपलीकडे दीड-दोन हात.

नीट टेप लावून मोजावं म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो. भिंतीवर लाल रंगाचा बाण मारलेला होता आणि खाली आकडा. पुढच्या रुंदीकरणाची रेघ, रस्त्याकडचं तेवढं घर पाडायचं. ती खाटेच्या मधूनच जात होती.

"हे कधी केलं?"

"काल." मावशी हारात फुलं ओवत होती. बाजूला दोन हंडे काठोकाठ भरलेले. "पाणी तर सोडलंस बाबा. आता ते ठेवू कुठं?"